चाळीस शब्दांची चौकट

६ ऑक्टोबर, सोमवार

आतापर्यंत: मी, नाना, खारू, मांजर. नवं गाव, नवं घर, नवी नोकरी. कपाट जिन्यात अडकलं, सुटलं. आरसा शाबूत. सगळे दमले, तरी कुणी भांडलं नाही.

घर छान आहे. वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान असल्यामुळे दिवसभर ठोकाठोक चालते. नाना म्हणाले, बरं झालं, सोबत मिळाली. नाना म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. डोळे थकल्यावर मशीन विकलं, पण गळ्यातली टेप काही उतरली नाही. आल्या आल्या त्यांनी दोन्ही खोल्या मापून काढल्या आणि घरमालकाने सांगितल्यापेक्षा घर वीतभर आखूड असल्याचं जाहीर केलं.

खारू माझी मुलगी. नऊ वर्षांची. बटणं, तिकिटं, चॉकलेटचे कागद, काहीही साठवते म्हणून नानांनी ठेवलेलं नाव. पुढचा एक दात अर्धाच आलाय, आणि नाकाजवळ एक तीळ आहे. ती हसली की तीळ जागेवरून हलतो. नाना म्हणतात, जपून हस, एक दिवस पळून जाईल.

सामान उतरवताना नानांनी चोवीस बोचकी मोजायला घेतली आणि दर वेळी तेवीसच भरली. ट्रकवाल्याशी वाद घालून झाल्यावर कळलं की चोविसाव्यावर ते स्वतःच बसले होते. मग त्यांनी खारूला दहा शहाण्यांची गोष्ट सांगितली. दहा जण नदी ओलांडतात, पलीकडे जाऊन प्रत्येक जण मोजतो, प्रत्येकाची मोजणी नऊच भरते, कारण स्वतःला कुणी मोजतच नाही. मग दहावा बुडाला म्हणून सगळे गळा काढतात. खारूने विचारलं की मग जो बुडाला तोही रडत होता का. नाना म्हणाले, तोच सगळ्यात जास्त.

हे कागद ऑफिसातले आहेत. सकाळी हजेरी लावायला गेले तेव्हा कपाटात दोन गठ्ठे होते, एक उचलून आणला. ऑफिसचा कागद घरी नेणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. वर्तमानपत्रात होते तेव्हा खारूची सगळी चित्रं बातम्यांच्या पाठीवर असायची. या कागदावर वरती छापील चौकट आहे, तिच्यावर ‘आतापर्यंत’ असं लिहिलंय, आणि आत बरोबर चाळीस घरं, एका घरात एक शब्द. खाली रेघा. रोजनिशीला याहून सोयीचं काय असणार? खारूने अट घातली की चौकट रोज भरायची. कबूल केलंय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आतापर्यंत: मी, नाना, खारू, मांजर. पहिला दिवस पार पडला. तीन अंक वाचले. खारूला शाळा आवडली, बाक आवडला नाही. नानांनी खालच्या सायकलवाल्याच्या शर्टाचं माप घेऊन टाकलं.

काम असं आहे. ‘अष्टप्रहर’ नावाची सुपरहिरोंची जुनी मालिका, दर पंधरवड्याला एक अंक, एकूण अठ्ठेचाळीस. माझं लहानपण त्याच्यावर गेलं. नाना मशीन चालवता चालवता मला मोठ्याने वाचायला लावायचे, आणि मारामारी आली की मशीनचा वेग वाढायचा. आता या अंकांची तीन जाड पुस्तकं निघणार आहेत. मी रोज तीन अंक क्रमाने वाचायचे, फाटकी-पुसट पानं टिपून ठेवायची, आणि प्रत्येक अंकाच्या तोंडाशी येणारा मागच्या गोष्टीचा सारांश नव्याने लिहायचा. चाळीस शब्द. याच चौकटीच्या कागदावर.

गोष्ट अशी की एका शहराला कुणीच वाली नाही, म्हणून आठ जण दिवसाचे आठ प्रहर वाटून घेतात. ज्याचा प्रहर, त्याचा पहारा. पहाटेची तांबडी, मग ऐरण, मग भिंगरी. उन्हं कलली की सावलीराव, संध्याकाळी पोलादी मावशी, जी एका हाताने पूल उचलते आणि दुसऱ्या हाताने पदर सावरते. रात्री गारगोटी, मग घुबड. माझा लाडका मात्र काजवा. त्याला एवढंच येतं की तो चमकतो, आणि त्याला पहारा दिलाय दुपारी बारा ते तीनचा. भर उन्हात चमकणाऱ्या माणसाकडे कोण बघणार? तरी तो बिचारा रोज गच्चीवर येऊन उभा राहतो.

संपादक उभ्याउभ्याच बोलतात, बसले तर वेळ जाईल असं त्यांना वाटत असावं. त्यांनी मला एकच नियम सांगितला. सारांशात नाही ते घडलंच नाही. वाचकाला मागचा अंक आठवत नसतो, त्याला चौकट आठवते.

कोपऱ्यातल्या टेबलावर बोरूकाका बसतात. पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतली अक्षरं पहिल्या अंकापासून त्यांनीच काढली. आता हात थरथरतो, पण कागदाला टेकला की थांबतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

आतापर्यंत: मी, नाना, खारू, मांजर. अंक चार ते सहा झाले. मांजराने शेजारच्या गॅलरीतला मासा पळवला. खारूने साक्ष दिली नाही. नानांनी माफी मागितली, मापही घेतलं.

खारूची शाळा बाराला सुटते. नाना तिला आणि डब्याला घेऊन ऑफिसात येतात. तीन वाजेपर्यंत ती माझ्या टेबलाखाली बसून अंक वाचते. बाहेर न्यायची परवानगी नाही, कारण हे एकेकच उरले आहेत. तिलाही काजवाच आवडतो. तिचं म्हणणं असं की तो चमकतो म्हणून नाही, तर तो येतो म्हणून. नाना म्हणाले, ही पोरगी वकील होणार.

बोरूकाकांनी आज मला कामातली एक गोष्ट शिकवली. चौकट भरताना आधी सगळ्यांची नावं, मग घटना. मी म्हटलं, आठ नावांतच नऊ शब्द जातात. ते म्हणाले, जाऊ द्या.

माझ्या आधी हे काम करणाऱ्या बाई पुष्कळ वर्षं इथे होत्या. मी विचारलं, घरी कोण कोण होतं? बोरूकाका म्हणाले, कुणीच नाही, एकटा जीव. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले की डबा मात्र चार खणांचा आणायच्या. चारही भरलेले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आतापर्यंत: मी, नाना, खारू. अंक बारापर्यंत मजल. संपादक खूश. नानांना खाली सायकलवाल्याकडे चहाची बैठक मिळाली. खारूला गणितात पैकीच्या पैकी, वळणदार अक्षराबद्दल शाबासकी वेगळी.

आज झपाट्याने सहा अंक झाले. बाराव्याचा सारांश बेचाळीस शब्दांचा झाला होता. दोन काढायला हवे होते. बाराव्या अंकात काजवा काहीच करत नाही, फक्त एका चित्रात गच्चीवर दिसतो. ‘आणि काजवा’ एवढं काढलं. बरोबर चाळीस. वीस वर्षं बातम्या कापल्या आहेत, कात्रीला विचारावं लागत नाही.

बोरूकाकांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आतापर्यंत: मी, खारू. तेराव्या अंकात सातच जण. बारा अंकांत आठ आहेत. कुणालाच आठवा आठवत नाही, मलाही नाही. मोरीजवळ दुधाची वाटी कुणी ठेवली तेही कळत नाही.

काहीतरी चुकतंय. तेराव्या अंकाच्या मुखपृष्ठावर सात जण उभे आहेत. अंतर सारखं, गाळलेली जागा नाही, खाडाखोड नाही. मालिकेचं नाव अष्टप्रहर. संपादकांना विचारलं तर म्हणाले, सातच होते, नाव ठेवणाऱ्याचं गणित कच्चं. म्हणून मागे गेले. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक अंकात एक आठवा माणूस आहे, काजवा नावाचा. मी ते अंक याच आठवड्यात वाचले. मंगळवारच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय की तो माझा लाडका. मला असा कुणी आठवत नाही. खारूला तिच्या बारा ते तीनच्या मित्राबद्दल विचारलं तर म्हणाली, बारा ते तीन शहराला कुणी नसतंच ना.

घरी आले तर मोरीजवळ दुधाची वाटी. नानांच्या उशीवर करडे केस. नाना म्हणाले, माझेच असतील, उरलेत थोडे. मी सोमवारचा कागद काढला. त्यावर मांजर आहे. मंगळवारी आहे, बुधवारी आहे. काल चौकटीत नाही. नाना आणि खारू शपथेवर सांगतात की आपण मांजर कधी पाळलंच नाही. नानांनी कपाळाला हात लावून ताप बघितला आणि म्हणाले, पोरी, छापील कागदाचं इतकं मनावर घेऊ नये.

११ ऑक्टोबर, शनिवार

आतापर्यंत: मी, खारू, नाना, मांजर, बोरूकाका. मी, खारू, नाना, मांजर, बोरूकाका. मी, खारू, नाना, मांजर, बोरूकाका.

सकाळी दोन ताटं मांडली आणि हातात तिसरं ताट घेऊन उभी राहिले. कुणासाठी ते कळेना. खिळ्यावर शिंप्याची टेप लटकते आहे. बाहेरच्या खोलीत पुरुषाचा चष्मा, पुरुषाच्या चपला. मला वाटलं, आधीच्या भाडेकरूच्या राहिल्या. खारूलाही तसंच वाटलं.

मग कागद वाचले.

माझे वडील आमच्याबरोबर आले होते. नाना. शिंपी. विनोद करायचे. सोमवार ते गुरुवार चौकटीत आहेत. काल मी चौकट कोड्यानेच भरली आणि त्यांचं नाव लिहिलंच नाही. खाली मजकुरात आहेत ते, बोलतायत, माझ्या कपाळाला हात लावतायत. मजकुराचा उपयोग नाही, चौकट मोजली जाते.

दुःख व्हायला हवं. ते वाचून थोडं झालं, अनोळखी माणसाची बातमी वाचून होतं तेवढं. याचीच भीती वाटते.

खारूला बारा वाजता मीच शाळेतून आणलं आणि तिचा हात सोडला नाही. बोरूकाकांना कागद दाखवले. ते वाचून खाली बसले. एकदा चौकटीत आलेलं नाव पुढच्या चौकटीत नसलं की जातं, म्हणाले. अंकात असंच चालायचं. हे कागद कुणी घरीही नेईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि मग एकदम म्हणाले, चार खणांचा डबा.

१२ ऑक्टोबर, रविवार

आतापर्यंत: मी, खारू, बोरूकाका. मी, खारू, बोरूकाका. मी, खारू, बोरूकाका.

नावं लिहून नाना आले नाहीत. मांजर आलं नाही. वाटीतलं दूध तसंच. बोरूकाकांना विचारायला त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, चित्रकाराला चेहरा माहीत नसेल तर नुसतं नाव देऊन तो काय काढणार? तुम्हाला चेहरा आठवतो का नानांचा? नाही आठवत.

मग मी ठरवलं की लिहिणंच बंद. कागद कपाटात टाकून कुलूप लावलं. कालची चौकट बाराला भरली होती; आज बारापर्यंत सगळं ठीक होतं. खारू खिडकीत बसून काहीतरी सांगत होती, शाळेतल्या एका मुलाचं. आवाज कमी होत गेला. मला वाटलं खाली ठोकाठोक चालू आहे म्हणून. पण आज रविवार, दुकान बंद. तिचे ओठ हलत होते. तिला कळतच नव्हतं. ती हसलीसुद्धा, तिच्याच विनोदावर, आणि मला काही ऐकू आलं नाही. तिच्या फ्रॉकमधून खिडकीचे गज दिसायला लागले होते.

कुलूप उघडलं. चौकट भरली. शाई वाळता वाळता आवाज आला, वाक्याच्या मधूनच. ‘...म्हणून बाईंनी त्याला बाहेर उभं केलं,’ एवढं ऐकलं. तिला म्हटलं, पुन्हा सांग, पहिल्यापासून सांग.

काका म्हणाले होते की अठ्ठेचाळिसाव्या अंकाला सारांश लिहिलाच गेला नाही. ते शेवटचे दिवस, माझ्या आधीच्या बाईंचं लक्ष नव्हतं. चित्रकाराने अंक काढला. बत्तीस पानं. रस्ते, गच्च्या, पूल, दिवे, सगळं सुरेख. माणूस एकही नाही. बोरूकाका म्हणाले, त्या अंकाला मला काही कामच नव्हतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आतापर्यंत: मी, खारू, बोरूकाका, संपादक. मी, खारू, बोरूकाका, संपादक.

आता नियम केलाय. सकाळी उठल्या उठल्या सगळे कागद पहिल्यापासून वाचायचे, मग तोंड धुवायचं, मग चौकट.

ऑफिसात मी सातही नावं लिहिते. संपादकांना ते खपत नाही. म्हणाले, हा सारांश आहे की शाळेचा हजेरीपट? लाल पेनने तीन नावं उडवली. मी हात धरायला गेले, ते माझ्याकडे बघत राहिले. आता पुढच्या अंकात चारच. पोलादी मावशी त्यात नाही. मला ती आठवते आहे अजून, हे लिहिताना आठवते आहे. उद्या नाही आठवणार.

दुसरं. माझ्या टेबलावरचा गठ्ठा संपत आला. कपाटातला दुसरा गठ्ठा कुठे गेला, असं संपादकांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी घरी नेल्याचं कबूल केलं. ते म्हणाले, बुधवारपर्यंत टेबलावर हवा, नाहीतर तुम्ही येऊ नका, मी माणूस पाठवून आणवतो. या कागदांचा ठसा मोडला, नवे छापता येत नाहीत. साध्या कागदावर करून पाहिलं, काही होत नाही.

कागद गेले तर खारू जाईल.

वरच्या चौकटीत संपादक आहेत. आज पहिल्यांदा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आतापर्यंत: मी, खारू, बोरूकाका.

केलं. 

दिवसभर त्यांच्याकडे बघवलं नाही. संध्याकाळी निघताना ते कधी नव्हे ते खुर्चीत बसले होते. म्हणाले, पाय दुखतात हो आजकाल. घरी त्यांची वाट बघणारं कुणी असेल का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर—

१५ ऑक्टोबर, बुधवार

आतापर्यंत: मी, खारू, बोरूकाका.

कागदावर आहे की मी एका माणसाला काढलं. काचेच्या खोलीत एक खुर्ची रिकामी आहे. मला तो माणूस आठवत नाही, म्हणून पश्चात्तापही होत नाही. हे लिहून ठेवते. एवढं तरी लिहून ठेवायला हवं.

खारूने कागद वाचले. मी दार लावायला विसरले होते. रडली नाही. विचारलं, नाना चांगले होते का? मी म्हटलं, वाचून तरी तसं वाटतं. तिने टेप खिळ्यावरून काढली आणि गळ्यात घातली.

तिचं सगळं टिपून ठेवते, कधी हात चुकला तर चेहरा हवा. पुढचा दात अर्धा. नाकाजवळ तीळ. जेवताना गुणगुणते. आधी डावा बूट घालते. उजव्या गुडघ्यावर सायकलचा वण. झोपेत मूठ मिटलेली, मुठीत बहुतेक बटण. डोळे—तपकिरी, उन्हात मधासारखे. कान जरा पुढे. एवढं पुरेल का? तिला समोर बसवून लिहितेय. ती म्हणाली, आई, मी काय चोर आहे का, असं वर्णन घ्यायला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आतापर्यंत: मी, खारू, बोरूकाका.

ताप. अक्षर हलतंय. चार रात्री डोळा लागला नाही, झोपले आणि उशिरा जाग आली तर? बोरूकाका औषध देऊन गेले. उरलेले कागद मोजले. एकतीस. बत्तिसाव्या दिवशी—

खारू म्हणाली, तू झोप, मला येतं. आधी नावं, मग घटना. मी ओरडले तिच्यावर. पेन उशीखाली

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आतापर्यंत: आई, बोरूआजोबा, नाना, मांजर, तांबडी, ऐरण, भिंगरी, काजवा, सावलीराव, पोलादी मावशी, गारगोटी, घुबड, संपादक, आणि त्या डबेवाल्या बाई, आणि त्यांच्या घरचे सगळे. आईला ताप आहे. आईने आज काळजी करायची नाही. सगळे परत आले. आता शहराला बारा ते तीनपण कोणीतरी आहे.

आई उठत नव्हती आणि बारा वाजायला आले होते म्हणून आज मी लिहिलं. शब्द मोजले, चाळीस आहेत. सगळ्यांना लिहिलंय, कोणालाच सोडलं नाही. दोनदा मोजलं. अक्षर चांगलं काढलंय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आतापर्यंत: मी, बोरूकाका,

ताप उतरला. घर शांत आहे. मला एकटीला दोन खोल्या जास्तच होतात.

दारात दोन लहान बूट आहेत. आधीच्या भाडेकरूचे असतील, असं वाटलं. मग कागद वाचायला घेतले, नियमाप्रमाणे, पहिल्यापासून.

मला एक मुलगी होती. माझ्याच अक्षरात आहे. प्रत्येक चौकटीत आहे, कालची सोडून. कालची माझ्या अक्षरात नाही. वळणदार, ठळक, रेघेवर बसलेली अक्षरं. तिने सगळ्यांना मोजलं. दोनदा मोजलं. पहिल्याच दिवशी तिला कुणीतरी दहा जणांची गोष्ट सांगितली होती, तीही इथे आहे.

रडू येत नाही. मी त्या मुलीसाठी रडू शकत नाही, कारण—

चौकट अर्धी ठेवली आहे. नाव माहीत आहे. नाव काय, कुणीही लिहील. चेहरा हवा. पावणेबारा झालेत, बाराच्या आत चौकट पुरी केली नाही तर मीही जाईन. डोळे मिटून जोडत बसले आहे. कान पुढे. दात अर्धा. डोळे मधासारखे, पण मी मध बघते, डोळे दिसत नाहीत. गुडघा उजवा, ते लिहिलंय. डावा बूट आधी, ते लिहिलंय. जवळजवळ येतो चेहरा. हसताना येतो. हसली की तीळ हलायचा. तीळ नाकाजवळ, दोन ठिकाणी लिहिलंय, नाकाच्या कुठल्या बाजूला ते मात्र मी—सहा तारखेला नाही, पंधरालाही नाही—समोर बसली होती माझ्या, समोर बसवून लिहिलं—उजवीकडे की डा